एक्केचाळिसावं वर्तुळ

१

तिन्ही वेळा तेच आलं.

गेन्पेइने पडद्यावर तीन रांगा एकाखाली एक लावल्या, खुर्चीत मागे रेलला आणि बोटं मोडली. "नोबुएसान, आज मला कौतुकाचे दोन शब्द ऐकायचेत. एकोणचाळीस वर्षांची म्हातारी फ्लॉपी. अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी होती, नाजूक आहे, एकदाच वाचा. मी तीनदा वाचली. पापुद्रासुद्धा निघाला नाही. आणि तिन्ही वाचनांत एका अक्षराचा फरक नाही!"

"सांगितलेलं ऐकायचं नाही, हा तुझा जुना रोग."

"रोगाचं राहू द्या. रुग्ण ठणठणीत आहे ते बघा."

नोबुए हसणारच होती, पण त्याचं आधीचं वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं. तिने आयुष्यातली सव्वीस वर्षं फ्लॉपीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. तिथे खराब मालाची धास्ती असायची, पण फार चांगल्या मालाची त्याहून जास्त.

"फरक नाही म्हणजे कुठेच नाही? डळमळीत पट्टीतही नाही?"

गेन्पेइची बोटं तशीच राहिली.

ऐंशीच्या दशकात गेम करणारी पोरं चोरून नकला करणाऱ्यांना वैतागली होती, आणि प्रत्येकाने आपापली कुलपं शोधली होती. साप्पोरोच्या शिराताकी वातारु नावाच्या पोराने आपल्या 'हिमवाट' या गेमच्या फ्लॉपीवर एक पट्टी मुद्दाम अर्धवट सोडली होती. तिथे धड होयही लिहिलेलं नाही आणि धड नाहीही. अस्सल फ्लॉपीत ती पट्टी दर वेळी वेगळं उत्तर देते. नक्कल केली की त्यातलं एकच उत्तर ठामपणे उतरतं आणि मग जन्मभर तेच येत राहतं. गेम सुरू होताना दोनदा विचारायचा. दोन्ही उत्तरं जुळली की समजायचा, समोर चोर बसलाय.

"सगळ्यात आतलं वर्तुळ?" नोबुएने विचारलं. साध्या यंत्राला फ्लॉपीवर चाळीस वर्तुळं दिसतात. वातारुने यंत्राची सुई आणखी एक घर आत ढकलून एक्केचाळिसावं लिहिलं होतं. नक्कल करणाऱ्या यंत्राला ते आहे याचा पत्ताही लागत नसे.

"कोरं आहे," गेन्पेइ म्हणाला. आता त्याच्या आवाजात गंमत उरली नव्हती. "मला वाटलं, काळाने पुसलं असेल."

छपरावरून बर्फाचा एक मोठा थर घसरला आणि खाली अंगणात धप्पकन पडला. दोघंही दचकली.

"काळाने नाही," नोबुए म्हणाली. "ही शिराताकीआजींची फ्लॉपीच नाही, गेन्पेइ. कोणीतरी बदललीय. आणि रविवारी आजी यायच्यात."

२

शिराताकी फुमी तीन आठवड्यांपूर्वी या जतनघरात आल्या होत्या. जतनघर म्हणजे तोयोहिरा नदीजवळच्या बंद पडलेल्या नूडलच्या कारखान्याचा वरचा मजला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी तो जिना एकेक पायरी मोजत चढल्या. वृद्धाश्रमात जायचं म्हणून घर रिकामं करताना किमोनोच्या लाकडी पेटीच्या तळाशी त्यांना ही फ्लॉपी सापडली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि खोलीभर कापराचा वास पसरला. फ्लॉपीचं कागदी पाकीट मात्र त्यांनी हातातून सोडलं नाही. त्यावर मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं: आई, सगळ्यात आतलं वर्तुळ तुझं.

१९८५च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, वातारु घरातून गेला तो परतलाच नाही. मे महिन्यात बर्फ वितळलं तेव्हा तेइने डोंगराच्या उतारावर सापडला. जायच्या आदल्या संध्याकाळी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "हेच खेळ करत बसायचे असतील तर पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," असं आई बोलून गेली होती. भिंतीपलीकडच्यांनी ते ऐकलं आणि गल्लीने आपापला अर्थ लावला, की पोराने जीव दिला आणि आईच्या तोंडामुळे दिला. आजींनी त्यावर कधी ब्र काढला नाही, कारण त्यांचाही तोच अर्थ होता.

"रागावून नसेल हो गेला," नोबुए त्या दिवशी म्हणाली होती.

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस, बाळ. डॉक्टर म्हणतात, चेरी फुलेपर्यंत हृदय साथ देईलच असं नाही. तेवढ्यात त्याने काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. शिवी असली तरी चालेल. त्याची तर असेल."

जुन्या वाचनयंत्राची दुरुस्ती संपायला तीन आठवडे लागले. तोवर फ्लॉपी बंद पिशवीत, कुलपातल्या कपाटात होती. कपाटाची किल्ली चहाच्या फळीमागच्या खिळ्याला लटकलेली असते, हे इथे येणाऱ्या मांजरालाही ठाऊक होतं.

नोबुएने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि यंत्रातून निघालेली फ्लॉपी नाकाशी नेली. नुसता प्लास्टिकचा वास येत होता. मग तिने ती ज्या पिशवीतून काढली होती ती उचलली. तळाशी ओल शोषणारी छोटी पुडी होती, तिच्यातले दाणे निळेशार होते. तिने पुडी मुठीत धरली आणि काही न बोलता एप्रनच्या खिशात टाकली.

पलीकडच्या खोलीत, स्टोव्हपाशी, आज सकाळी वाचन बघायला आलेले दोन पाहुणे चहा पीत होते. हाकोदातेचे आकुत्सु हे जुन्या फ्लॉप्या जमवण्यात घरदार विसरलेले गृहस्थ. दुसरी निइमी, जुने गेम नव्याने बाजारात आणणाऱ्या तोक्योच्या कंपनीतली.

नोबुएने दार सरकवलं. "माफ करा. आजींची फ्लॉपी चोरीला गेलीय."

निइमीच्या हातातला पेला हिंदकळला. आकुत्सुंनी मात्र आपली पिशवी झटकन पोटाशी घेतली.

३

"पिशवीत काय आहे, आकुत्सुसान?"

"खाजगी आहे."

"फ्लॉपी आहे ना?" गेन्पेइ दारात आडवा उभा होता. "चपटा चौकोन दिसतोय बाहेरून."

"असली तर काय झालं? माझी आहे! तुमच्याकडून ओळख पटवून घ्यायला आणलीय."

"मग दाखवा की. का बायकोला न सांगता घेतलीत?"

आकुत्सुंचा चेहरा लालबुंद झाला. ते खरंच असावं. त्यांनी रागारागाने पिशवी उघडली, आतली फ्लॉपी बाहेर ओढली आणि नोबुएसमोर धरली. बाहेर उणे तेरा, आत स्टोव्हची ऊब. बघता बघता फ्लॉपीवर धुकं चढलं. तिच्या खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर दवाचे बारीक थेंब उभे राहिले.

"अरे देवा!" आकुत्सु ओरडले. "चोवीस तास! झाका, झाका तिला! हे काय करून बसलो मी!"

गेन्पेइने धावत बंद पिशवी आणली. भिंतीवर अध्यक्षसाहेबांच्या कुंचल्याने लिहिलेला नियम होता: थंडीतून आलेली फ्लॉपी चोवीस तास बंद पिशवीत विसावू द्यावी. ओली फ्लॉपी यंत्रात घातली की सुई तिची साल काढते. आकुत्सुंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. लेबलावर कुठल्याशा कोळंबीच्या गेमचं नाव होतं.

नोबुए त्या ओल्या फ्लॉपीकडे पाहत राहिली. काहीतरी तिच्या मनात जागेवर बसत होतं.

निइमीने हात उडवले. "माझी झडती घ्या हवं तर. पण मला फ्लॉपी घेऊन काय करायचंय? मला आतला मजकूर हवा, आणि परवानगी. ती तर तुमचे अध्यक्षच देत नाहीत. तीन वर्षं त्यांच्या मागे लागलेय."

"तोगाशीसाहेबांच्या?"

"'हिमवाट' दोघांनीच केलेली ना, शिराताकी आणि ते. त्यांना म्हटलं, निदान जुने कागद, एखादी कामाची फ्लॉपी दाखवा. म्हणाले, वातारुच्या हातची एकही वस्तू माझ्याकडे उरली नाही. इतक्या तुटकपणे म्हणाले की मी पुन्हा विचारलं नाही."

अध्यक्ष तोगाशी दुपारी तीन वाजता आले. पहाटेच्या गाडीने आसाहिकावाला एका शाळेत भाषणाला गेले होते. फोन जाताच पुढचा कार्यक्रम सोडून परतले. बासष्ट वर्षांचा, हळू बोलणारा माणूस. हे जतनघर त्यांनीच उभं केलेलं. कपाट घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा ते नोरीच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या वड्यांच्या, पत्र्याच्या डब्यांतून फ्लॉप्या ठेवत. हवाबंद डबा, आत एक पुडी. ते रिकामे डबे अजून वरच्या फळीवर ओळीने मांडलेले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बूट काढून ठेवलेल्या जागेकडे थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "नोबुएसान, आजींना चोरी झाली म्हणून सांगू नका."

"मग काय सांगू?"

"फ्लॉपी वयाने गेली म्हणून सांगा. त्या वयात चोर शोधण्यापेक्षा ते सोसायला सोपं. मी पहाटेपासून इथे नव्हतो. तुम्ही होतात, गेन्पेइ होता, हे दोघं होते. एकमेकांकडे बोट दाखवत बसलो तर हे घरच मोडेल."

त्यांचा आवाज इतका मायेचा होता की गेन्पेइने मान डोलावली. नोबुएने मात्र डोलावली नाही. फ्लॉपी सापडेल का, हे अध्यक्षांनी एकदाही विचारलं नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी नोबुएने गेन्पेइला स्टोव्हपाशी बसवलं आणि एप्रनच्या खिशातली पुडी त्याच्या तळहातावर ठेवली.

"कुठला रंग?"

"निळा."

"कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीज फ्लॉपीला लागू नये म्हणून आपल्या खोलीत दिवसभर किटल्या उकळत असतात. पिशवी कितीही बंद केली तरी दोन दिवसांत दाणे फिके पडतात, आठवड्यात गुलाबी होतात. आजींची पिशवी मी तीन आठवड्यांपूर्वी बंद केली होती."

"म्हणजे पिशवी नवी होती."

"फार तर एक दिवसाची. आता आकुत्सुंची फ्लॉपी आठव. काल सकाळी कोणी बाहेरून नक्कल आणून ठेवली असती तर तिला दव सुटलं असतं. तू तीनदा वाचलीस. साल निघाली?"

"पापुद्राही नाही." गेन्पेइ सावकाश म्हणाला. "म्हणजे चोवीस तास विसावली होती."

"काल सकाळी आलेला कोणीही चोर असू शकत नाही. आकुत्सु सुटले, निइमी सुटली. मंगळवारी हिमवादळ होतं, इथे कोणी फिरकलं नाही. नक्कल बुधवारी सकाळी ठेवली गेली. बुधवारी कोण कोण होतं?"

गेन्पेइने बोटांवर मोजलं. "तुम्ही. मी. आणि..."

"तू असतास तर एकदाच वाचून गप्प बसला असतास. सांगितलंही तसंच होतं. एकदा वाचली असती तर पट्टी डळमळते की नाही, हे कधी कळलंच नसतं. ती चिठ्ठी कोणाची होती?"

गेन्पेइ उठून खिडकीपाशी गेला. काचेवर अर्ध्यापर्यंत बर्फ चिकटलं होतं. "नाही, नोबुएसान. ते नाहीत. त्यांनी मला माणसात आणलं. नोकरी गेली तेव्हा मी दार लावून घरात पडून असायचो. ते रोज दाराबाहेर एक बिघडलेलं यंत्र ठेवून जायचे."

"ठाऊक आहे मला."

"मग असं कसं बोलता?"

नोबुएने दोन छायाचित्रं पुढे ठेवली. इथे आलेल्या प्रत्येक फ्लॉपीचं पहिल्या दिवशी छायाचित्र निघतं. पहिलं आजींच्या फ्लॉपीचं, दुसरं कालच्या नकलेचं. दोन्ही लेबलांवर 'हिमवाट', दोन्हीकडे तेच अक्षर, तोच डावीकडचा झोक. फक्त एका लेबलावर शेवटची रेघ कडेला टेकत होती आणि दुसऱ्यावर अलीकडेच थांबत होती.

"दोन्ही वातारुनेच लिहिलीत," ती म्हणाली. "म्हणजे नक्कल ठेवणाऱ्याकडे वातारुच्या हातची फ्लॉपी होती. आणि तोगाशीसाहेब निइमीला म्हणाले होते की एकही वस्तू उरली नाही."

"पण का? त्यांच्याच मित्राची आई!"

"ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मला कालपासून खातेय. त्या फ्लॉपीवर नुसतं लोहचुंबक फिरवलं असतं तरी काम झालं असतं. इथे रोज फ्लॉप्या मरतात, कोणी चौकशीही केली नसती. एवढा घाट घालून तिला जिवंत बाहेर नेलं आणि बदली फ्लॉपीलासुद्धा चोवीस तास विसावू दिलं. ज्याच्या हाताला फ्लॉपी मारवत नाही, त्याचंच हे काम."

गेन्पेइने तोंड फिरवलं.

"म्हणजे ती अजून आहे," नोबुए म्हणाली. "आणि तो वाट बघतोय, ती आपोआप मरायची. किंवा आजी."

५

शनिवारी दुपारी ती एकटीच तोगाशींकडे गेली. बर्फ थांबलं नव्हतं. त्यांच्या अंगणातली वाट कोणीतरी नुकतीच, अगदी रेघ मारल्यासारखी, साफ केली होती.

घरात पुस्तकं, यंत्रं आणि एकट्या माणसाची स्वच्छता होती. त्यांनी चहा ओतला, भाजलेला वाळका माखळी मासा पुढे केला.

"शहानिशा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. आजींना तुम्ही म्हणता तसंच सांगीन म्हणते."

त्यांनी श्वास सोडला. फार हळू, पण नोबुएला ऐकू आला.

मग ती बसल्या बसल्या इकडचं तिकडचं बोलली. गेन्पेइचं पडसं, छपरावरचं बर्फ, जतनघरातला सडलेला पाइप. चहा संपत आला तेव्हा सहज म्हणाली, "हो, आणि ते नोरीचे डबे टाकून द्यायला हवेत. काल पाहिले. झाकणाच्या आतलं रबर आता पार भुगा झालंय. बाहेरून कळत नाही. आत हवा जाते, आणि हे असं दिवसा ऊब, रात्री थंडी. माझ्या एका डब्यात काल दव होतं. आतल्या फ्लॉपीला पांढरी बुरशी."

तोगाशींनी पेला खाली ठेवला.

"सगळ्यांचं?"

"जुन्यांचं सगळ्यांचं."

त्यांनी माखळीचा तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला. घड्याळाकडे पाहिलं. स्वतःला आवरताहेत हे तिला दिसत होतं, आणि आवरता येणार नाही हेही. या माणसाने तिला फ्लॉपीला कसा हात लावायचा ते शिकवलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने बोललेलं मागे घेतलं नाही.

तोगाशी उठले. देवघराच्या खालचा कप्पा त्यांनी सरकवला, नोरीचा एक डबा दोन्ही हातांनी बाहेर काढला, आणि तिच्याकडे पाठ करून झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. रबर चांगलं होतं. मग, खात्री करायला, त्यांनी झाकण उघडलं.

खोलीभर कापराचा वास पसरला.

त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"खोटं बोललात, नोबुएसान."

"हो. माफ करा."

"चाळीस टक्के ओल. एक टक्काही वर जाऊ दिली नाही." ते वळले नाहीत. "या चार दिवसांत रोज वाटलं, आज मॅग्नेट फिरवू. रोज पुडी बदलली."

"काय आहे त्यात?"

"माझं नाव," तोगाशी म्हणाले. "वर चढताना त्यानेच सांगितलं. म्हणाला, आई काळजी करते, म्हणून कोणाबरोबर जातोय ते लिहून ठेवलंय. एकोणचाळीस वर्षं मी ही शोधत होतो. आजींना किती वेळा विचारलं, काही राहिलंय का त्याचं. सगळ्या देशातल्या फ्लॉप्या गोळा केल्या. लोक म्हणाले, काय हा माणूस, काय ही तळमळ!"

नोबुएचा चहा निवून गेला होता. विचारायचं धाडस तिला होत नव्हतं, आणि विचारावं तर लागणारच होतं.

"तिथे वर काय झालं?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," तोगाशींनी डबा तिच्या हातात दिला. "ते ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाच सांगीन. उद्या किती वाजता येऊ?"

६

रविवारी फुमीआजी व्हीलचेअरवर आल्या. गेन्पेइने त्यांना खुर्चीसकट जिन्याने वर आणलं. मांडीवर ते कागदी पाकीट होतं. तोगाशी भिंतीपाशी उभे होते, धुतलेला शर्ट, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"तोगाशीकुन, तूही आलास!" आजींनी हाक मारली. त्यांच्या लेखी तो अजून त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन भात मागणारा पोरगाच होता. "बरं झालं. त्याचा मित्र जवळ हवा."

तोगाशी कमरेत वाकले आणि खूप वेळ वर आले नाहीत.

गेन्पेइने फ्लॉपी एकदाच वाचायची ठरवली होती. यंत्र घरघरलं. तेवढ्या डळमळीत पट्टीवरून सुई दोनदा फिरली आणि या वेळी दोन्ही उत्तरं वेगळी आली, अस्सल होती. चाळिसावं वर्तुळ संपलं. सुई एक घर आत सरकली आणि पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज आला. गेन्पेइने डोळे मिटून घेतले. मग पडद्यावर, हिरव्या अक्षरांत, पाच ओळी उमटल्या.

"आलं का?" आजींनी विचारलं.

"आलं, आजी." नोबुए पुढे झाली. "वाचून दाखवू?"

"नको. माझ्या डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत, पण तू त्याला ओळखत नव्हतीस." आजींनी भिंतीकडे मान वळवली. "तोगाशीकुन, तू वाच. त्याचं बोलणं तुझ्या कानात असेल."

नोबुएने तोगाशींकडे पाहिलं. ते पळून गेले असते तर तिने अडवलं नसतं. ते पडद्यापाशी आले. चष्मा पुसला. वाचू लागले.

"आई. हे तुला सापडेल तेव्हा मी तुझ्यासमोर बसून हसत असेन. कालचं मनावर घेऊ नकोस, मीही घेतलेलं नाही. आज तेइनेच्या झोपडीत जातोय, एकटा नाही, माझ्याबरोबर..."

ते थांबले. स्टोव्हचा आवाज तेवढा येत राहिला.

"पुढे," आजी म्हणाल्या.

"माझ्याबरोबर तोगाशी आहे." त्यांचा आवाज अगदी सपाट झाला होता. "तेव्हा काळजी नको. रविवारी संध्याकाळी घरी येतो. मुळा घालून सामन माशाचं सूप ठेव, दोघांपुरतं. वातारु."

आजींचा हात पाकिटावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, त्याच ओळीवरून.

"पोलिसांना तू म्हणाला होतास, आठवडाभर भेटला नाही."

"हो."

"कुठे सोडलंस त्याला?"

"झोपडीच्या खाली. त्याचा पाय मोडला होता. वादळाची सूचना होती, तो नको म्हणत होता, चल म्हणून मीच ओढून नेलं. मदत आणायला मी उतरलो. रस्त्यावर पोचलो, पोलिसचौकीचा दिवा दिसला, आणि मला भीती वाटली. सगळे विचारतील, कोणी नेलं. म्हटलं, थोडा थांबतो. मग सकाळ झाली. मग सांगताच येईना."

गेन्पेइ दार सरकवून खोलीबाहेर गेला.

"शुद्धीत होता?" आजींनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

तोगाशी गुडघ्यांवर बसले होते. कपाळ जमिनीला टेकलं होतं, त्यामुळे शब्द लाकडातून आल्यासारखे आले. "म्हणाला, लवकर जा. आईने सूप ठेवलं असेल."

फुमीआजी खिडकीकडे पाहत राहिल्या. बर्फाच्या वरून उरलेल्या काचेतून थोडा उजेड येत होता. त्या रडतील असं नोबुएला वाटलं, पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या मानेवरचा हात काढला होता.

"मी केलं होतं," त्या म्हणाल्या. "रागात होते, तरी केलं होतं. तीन दिवस गरम करत राहिले."

मग त्यांनी पाकीट नोबुएच्या हातात दिलं, फ्लॉपी आत ठेवायला. आणि खाली वाकलेल्या माणसाकडे बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "तोगाशीकुन, आता ऊठ. गेन्पेइला हाक मार आणि पोलिसचौकीत जा. आज दिवा दिसला की थांबू नकोस."